वेंडललासुद्धा

बर्नाडीन सेडलाकच्या घरी "जेवण कसं झालंय?" असा सरळ प्रश्न कुणी कुणाला विचारेनासं झालं होतं. विचारणारी तीच, पण तिच्या तोंडून प्रश्न यायचा तो असा : "आजची हलुपकी तुला कशी वाटली? फार चांगली, बऱ्यापैकी चांगली, फारशी चांगली नाही, की मुळीच चांगली नाही?" कोबीच्या पानात गुंडाळलेला खिमा-भाताचा घास तोंडात तसाच धरून तिचा नवरा एमेट म्हणायचा, "सांगता येत नाही." चार वर्षांत त्यालाही कळून चुकलं होतं की 'सांगता येत नाही' हे पण एक उत्तर असतं आणि त्यावर तिला पुढे भांडता येत नाही.

ही सगळी त्या नोकरीची करणी. शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झाल्यावर बाई घरी बसेल, पडदे शिवेल, चर्चच्या तळघरात बाकीच्या बायकांबरोबर पिरोगी, म्हणजे बटाट्याचं सारण भरलेल्या करंज्या वळेल, असं एमेटनं गृहीत धरलं होतं. पिरोगी ती वळायचीच. पण शिवाय जिल्ह्याच्या गावी कॉलेजात जनमत चाचण्यांचं एक केंद्र होतं, तिथं संध्याकाळी कानाला हेडफोन लावून ती अनोळखी माणसांना फोनही करायला लागली. तिच्याबरोबर भरती झालेली तरणी मंडळी आठवड्याभरात पळाली. लोक फोन आपटतात, शिव्या देतात, कोण सहन करणार! बर्नाडीन टिकली. खाणकामगाराच्या घरात, भावंडांच्या लेंढारात ती वाढली होती. त्या जेवणाच्या टेबलाशी सगळे एकदम बोलायचे, आणि ऐकणारी ती एकटीच असायची. "लहानपणी फुकट केलं, आता त्याचे पैसे देतायत," असं ती म्हणायची.

कामाचे नियम मोठे कडक. प्रश्न छापलाय तसाच वाचायचा, मध्ये एक 'बरं का' घालायचा नाही. कुणी काहीही सांगितलं तरी 'वा', 'अरेरे', 'बरोबर' म्हणायचं नाही. आणि समोरच्यानं विचारलं, "अहो बाई, पण 'कडक कायदे' म्हणजे किती कडक?" तर उत्तर एकच : "तुम्हाला जो अर्थ वाटतो तो." बस्स. आपण अर्थ सांगितला की मत आपलं झालं, त्याचं राहिलं नाही.

कुठे गोळीबाराची वाईट बातमी आली की त्या आठवड्यात एक प्रश्न हमखास असायचा. बंदूक घेणाऱ्या प्रत्येकाची आधी पूर्वतपासणी व्हावी, म्हणजे त्याच्या नावावर काही गुन्हा वगैरे आहे का ते पाहिलं जावं, याला तुमचा पाठिंबा आहे की विरोध? त्या दिवसांत फोनवर लोक वेगळेच बोलायचे. एखादी आई आधी टीव्ही बंद करून यायची. एखादा म्हातारा आपल्या पहिल्या रायफलीची अख्खी हकिगत ऐकवायचा आणि मग हळूच म्हणायचा, "पाठिंबा लिहा." बर्नाडीन सगळ्यांना एकाच सुरात म्हणायची, "धन्यवाद. पुढचा प्रश्न."

तिचं स्वतःचं मत काय, हे टॅनरी हॉलोत कुणालाच माहीत नव्हतं. एमेटनं खोदून खोदून विचारलं तर म्हणायची, "मला कुणी फोन केलाय का?"

टॅनरी हॉलो म्हणजे पश्चिम पेनसिल्व्हेनियातल्या दोन टेकड्यांमधली एक लांबट वस्ती. एक चर्च, एक बिअरचं दुकान, एक बंदुकीचं दुकान आणि एक अग्निशामक दल. दलातले सगळे गावचेच, बिनपगारी. आगीचा बंब मात्र बिनपैशानं चालत नाही, म्हणून दर शरद ऋतूत दलाची सोडत असायची. बक्षिसाला बंदुका. हॉलमध्ये लांब टेबलं, भाजलेलं डुकराचं मांस, बिअर आणि ऑर्विल क्लिंगर या दलाच्या अध्यक्षाचे जुनेच विनोद. जिंकणाऱ्यानं चिठ्ठी घेऊन बंदुकीच्या दुकानात जायचं, तिथं नाव-पत्ता भरायचा, दुकानदार वर फोन लावायचा, 'चालेल' असा निरोप आला की बंदूक घेऊन घरी. वर्षानुवर्षं हे असंच, आणि कुणाची काही तक्रार नव्हती.

भांडण लागलं ते थेल्मा ग्रुबरच्या चांगुलपणामुळे. तिचा नवरा वसंतात वारला होता. त्याची हरणाच्या शिकारीची रायफल तिनं सोडतीला देऊन टाकली. आता ही काही दुकानातली बंदूक नव्हती, घरातली होती. ती जिंकणाऱ्याला तिथंच मंचावर द्यायची, की तीही दुकानातून फिरवून आणायची? कायद्याचं म्हणाल तर गावात वकील दोन आणि त्यांची मतं तीन.

दलाच्या बैठकीत बर्नाडीनचा भाऊ वेंडल हुडाक म्हणाला, "हातोहात द्या. आपण सगळे एकमेकांना पाळण्यापासून ओळखतो. तपासायचं काय त्यात?"

एमेट म्हणाला, "मीही सगळ्यांना ओळखतो. म्हणून तर म्हणतोय, दुकानातून जाऊ द्या."

इथपर्यंत हसण्यावारी चाललं होतं. मग चर्चा तापली, आणि एमेट उठून टेबलावर थाप मारत म्हणाला, "नियम म्हणजे नियम! उद्या वेंडलला लागली, तर वेंडललासुद्धा दुकानात जावं लागेल!"

झालं. अख्खा हॉल खो खो हसला. कारण विशीत असताना वेंडलनं फादरांच्या मोटारीच्या टपावर बकरी चढवली होती आणि त्यापायी एक रात्र कोठडीत काढली होती. ती बकरी गाव अजून विसरलेलं नाही. कुणीतरी मागून 'ब्यँऽऽ' केलं. वेंडलनं आपली टोपी उचलली आणि तो चालता झाला.

ऑगस्टपासून मेव्हणे-मेव्हणे बोलत नव्हते. एमेट आणि वेंडल, ज्यांनी एमेटच्या लग्नाआधीपासून डोंगरावरच्या एकाच शिकारी कँपवर, एकाच चुलीशी, हरणांचा प्रत्येक हंगाम काढला होता. नोव्हेंबरातल्या गुरुवारी, थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला वेंडल बर्नाडीनच्या टेबलाशी बसायचा, टर्कीचा पाय त्याचा ठरलेला, आणि दुसऱ्या दिवशी दोघं एमेटच्या ट्रकमधून डोंगरावर निघायचे. यंदा बर्नाडीननं फोन केला तर वेंडल म्हणाला, "मी घरीच सँडविच खाईन. तुझ्या नवऱ्याला सांग, एका गुन्हेगाराची प्लेट कमी झाली." बायको गेल्यापासून तो एकटा राहत होता. बर्नाडीनला त्या सँडविचचं चित्रच डोळ्यांपुढून हलेना.

एमेटला सांगितलं तर तो म्हणाला, "नाही तर नाही. दोन पाय माझे."

"टर्कीचे की तुझे?"

"बर्ने, विनोद नकोयत."

नोव्हेंबर उजाडला, सोडत तोंडावर आली, आणि ऑर्विल टोपी हातात घेऊन तिच्या दारात उभा राहिला. "बाई, तूच सोडव. हात वर करून मत घ्यावं म्हटलं, तर जो तो आधी शेजाऱ्याचा हात बघतोय. तू फोनवर विचार. तू काय विचार करतेस ते कुणाच्या बापाला माहीत नाही, म्हणून तुझ्यावर सगळ्यांचा विश्वास."

बर्नाडीननं अट घातली : विचारायचं तर रीतीनं. आणि हा एकच रस्ता तिला दिसत होता. गावानं निवाडा केला, तर दोघांपैकी कुणालाच कुणापुढे वाकायला नको.

प्रश्नाच्या शब्दांवरच पहिली लढाई झाली. वेंडलनं पाठवलेला प्रश्न होता, "आपल्याच शेजाऱ्याला चोर समजून त्याची झडती घ्यावी का?" एमेटचा होता, "रायफल माथेफिरूच्या हाती पडू नये असं तुम्हाला वाटत नाही का?" बर्नाडीननं दोन्ही बाजूला ठेवले आणि लिहिलं : "ग्रुबर रायफल जिंकणाऱ्यानं ती दुकानातल्या तपासणीनंतर न्यावी, की हॉलमध्येच घ्यावी?"

"यात दमच नाही," ऑर्विल म्हणाला.

"नसावाच," ती म्हणाली.

रीतीप्रमाणे तिनं आधी चर्चच्या तळघरात पिरोगी वळता वळता दोघीतिघींवर प्रश्न चालवून पाहिला. प्रत्येकीचं उत्तर सारखंच निघालं. "माझं काही नाही गं, जाऊ दे की दुकानात. पण बाकीचे ऐकायचे नाहीत." पीठ लागलेला हात बर्नाडीननं तसाच हवेत धरला. आणि मग तिनं दुसरा प्रश्न जोडला : "तुमच्या मते गावातले बाकीचे लोक काय म्हणतील?"

दुसरी अट अशी, की सोडतीचं तिकीट घरटी जातं, म्हणून घरटी एकालाच विचारायचं, आणि फोन उचलेल त्याला नाही. घरातल्या मोठ्या माणसांपैकी ज्याचा वाढदिवस सगळ्यात अलीकडे होऊन गेला, त्याला. केंद्राचा नियमच तो. नाहीतर प्रत्येक घरातला सगळ्यात मोठ्या आवाजाचा माणूसच देशाचं मत सांगत बसतो.

क्लाइड बार्टोशनं पहिल्याच घंटीला फोन उचलला.

"बोल बर्नाडीन! लिही. हातोहात! ठळक अक्षरात लिही!"

"नमस्कार. मी बर्नाडीन सेडलाक, टॅनरी हॉलो अग्निशामक दलातर्फे बोलतेय—"

"अगं, काल चर्चमध्ये माझ्या शेजारी बसली होतीस तू!"

"—घरातल्या ज्या व्यक्तीचा वाढदिवस सगळ्यात अलीकडे झाला, तिच्याशी मला बोलायचंय."

"वाढदिवस? माझा मेमध्ये असतो. आणि फिलोमिनाचा... थंडीत कधीतरी..."

मागून भांडं आदळल्याचा आवाज आला. "मंगळवारी होता, क्लाइड! गेल्या मंगळवारी!"

बर्नाडीननं ओठ घट्ट मिटून घेतले. हसणं नियमात बसत नव्हतं. फिलोमिनानं फोन घेतला आणि सगळी उत्तरं सावकाश, चवीचवीनं दिली. शेवटी म्हणाली, "आणि लिही, की केकसुद्धा आला नाही."

"तो प्रश्न यात नाही. धन्यवाद."

सेडलाकांचं घर वगळलं असतं तर गावभर बोंब झाली असती. त्या घरात ऑक्टोबरात वाढदिवस झाला होता तो एमेटचा. म्हणून बर्नाडीननं स्वयंपाकघरातून गॅरेजमध्ये फोन लावला.

"काय गं? कॉफी झाली?"

"नमस्कार. मी बर्नाडीन सेडलाक, टॅनरी हॉलो अग्निशामक दलातर्फे—"

"देवा रे." पाना खाली ठेवल्याचा आवाज आला. "बोला मॅडम."

त्यानं तपासणी सांगितली, हे तर आलंच. बाकीचे काय म्हणतील? "बाकीचे हातोहात म्हणतील. मी एकटाच पडलोय, दिसतंय की." मग तिनं शेवटचा छापील प्रश्न वाचला, आणखी काही सांगायचं आहे का?

"मी त्याला वाईट म्हणालोच नव्हतो, बर्ने. या गावात सगळ्यात सरळ माणूस कोण, तर मला त्याचंच नाव सुचलं. बंबाची पैशाची पेटी दहा वर्षं त्याच्याकडे आहे, कधी घोळ नाही. त्याच्यासारख्याला सुद्धा लागू, म्हणजे मग सगळ्यांनाच लागू, असं मला म्हणायचं होतं. लोक त्या बकरीला हसले, त्याला मी काय करू?"

"मग जाऊन हे त्याला सांगत का नाहीस?" हे शब्द तिच्या अगदी ओठांवर आले होते. पण फोन चाचणीचा होता. ती म्हणाली, "धन्यवाद. तुमची उत्तरं गुप्त राहतील."

"राहू दे गुप्त," एमेट म्हणाला आणि त्यानं परत पाना उचलला.

वेंडलचा फोन तिनं सगळ्यात शेवटी लावला. घरात एकच माणूस, तेव्हा वाढदिवसाचा प्रश्नच नव्हता.

"तुला काय लिहायचंय ते लिही, बये."

"प्रश्न वाचते," असं म्हणून तिनं वाचला.

"दुकानातून जाऊ दे."

बर्नाडीननं फोन कानावर दाबला. "उत्तर परत सांगता का?"

"दुकानातून! मला काय त्याचं? मी आयुष्यभर दुकानातूनच बंदुका घेतल्यात. पण दलातली पोरं चिडली होती, म्हणून मी त्यांच्या बाजूनं बोलायला उभा राहिलो. गावाला तपासणी नकोय, बघशील तू." मग आवाज खाली आला. "माझं दुखणं तपासणीचं नाही. 'वेंडललासुद्धा' म्हणाला तो. सुद्धा म्हणजे काय गं? सगळे हसले. माझा स्वतःचा मेव्हणा."

एकाच शब्दाचे दोन अर्थ, दोन फोनवर, एकाच संध्याकाळी. आणि दोन्ही तिच्या पोटात, कुलूपबंद. ती रडवेली झाली होती, पण आवाज तोच ठेवून म्हणाली, "धन्यवाद. तुमची उत्तरं गुप्त राहतील."

त्या आठवड्यात सगळ्या स्वयंपाकात मीठ जास्त पडलं. एमेटनं विचारलं, "तुला बरं नाहीय का? फार बरं, बऱ्यापैकी बरं?" तर ती त्याच्यावर लाटणं घेऊन धावली.

रविवारी दुपारी चर्च सुटल्यावर हॉल भरला. एमेट एका भिंतीशी, वेंडल दुसऱ्या. बर्नाडीन पुढे आली आणि कुठल्याही सुरावाचून वाचायला लागली. दुकानातून तपासणी करून, असं म्हणणारी घरं, दहातली आठ.

हॉलमध्ये कुजबुज उठली. जो तो शेजाऱ्याकडे बघायला लागला.

"दुसरा प्रश्न, बाकीचे काय म्हणतील. बाकीचे हातोहात म्हणतील, असं सांगणारी घरं, दहातली नऊ."

आधी कुणाला काही उमगलंच नाही. मग थेल्मा ग्रुबर पहिल्या रांगेतून मोठ्यानं म्हणाली, "म्हणजे सगळे सगळ्यांना घाबरून बसले होते होय!" आणि हॉलमध्ये हशा पिकला. क्लाइड म्हणाला, "माझ्या घराचं मत माझं नाही हं!" त्यावर फिलोमिना म्हणाली, "मोजताना घर म्हणजे मी."

वेंडल भिंतीपासून पुढे आला. त्याची टोपी हातात गोल फिरत होती. "मग मी तीन महिने कुणासाठी भांडत होतो?"

"बकरीसाठी!" मागून कुणीतरी ओरडलं.

आणि तिथं सगळं परत फिसकटलं. वेंडलचा चेहरा लाल झाला. तो एमेटकडे वळला. "बघ! हेच. हेच सुरू केलंस तू. वेंडललासुद्धा! निकाल काय लागायचा तो लागू दे. मी या हॉलमध्ये परत यायचा नाही, आणि तुझ्या घरीही."

एमेटची मान ताठ झाली. त्याला तीस वर्षं ओळखणाऱ्या बर्नाडीनला पुढचं वाक्य कळलं होतं, 'नको येऊस'. ते बाहेर पडलं असतं तर यंदाच काय, पुढचेही हंगाम गेले असते. कुणाचं उत्तर ती फोडू शकत नव्हती. पण विचारणं तिच्या हातात होतं. उत्तर अर्धवट आलं तर काय करायचं, हे केंद्रात पहिल्याच दिवशी शिकवतात. आपण अर्थ सुचवायचा नाही, बोलणाऱ्यालाच परत विचारायचं.

"एमेट," ती त्याच फोनच्या आवाजात म्हणाली, "'वेंडललासुद्धा' यातल्या 'सुद्धा'चा तुम्हाला काय अर्थ म्हणायचा होता?"

ती त्याला 'तुम्ही' म्हणाली, त्यानंच अख्ख्या हॉलच्या माना तिच्याकडे वळल्या. त्या आवाजापुढे खोटं बोलता येत नाही, हे आता गावातल्या प्रत्येक घराला ठाऊक झालं होतं.

"म्हणजे," तो जमिनीकडे बघत म्हणाला, "म्हणजे... आपल्यातला सगळ्यात सरळ माणूस. त्याला सुद्धा नियम लागू, तर मग आपण कोण लागून गेलो? असा अर्थ." आणि मग चिडून म्हणाला, "दुसरा कुठला अर्थ होतो त्याचा?"

"दुसराही होतो!" वेंडल ओरडला.

"होत असेल! मला नाही सुचला!"

"मग त्याच दिवशी सांगायला काय झालं होतं?"

"तू टोपी घेऊन निघून गेलास! मी काय टोपीला सांगू?"

वेंडल उभाच राहिला. टोपी फिरायची थांबली. "सगळ्यात सरळ?" त्यानं विचारलं.

"परत म्हणणार नाही. एकदा म्हणालोय."

ऑर्विलनं संधी साधून हातोडी आपटली, नियम मंजूर झाल्याचं जाहीर केलं आणि कॉफी सांडेपर्यंत टाळ्या वाजवल्या. थेल्मा वेंडलला म्हणाली, "मला विचाराल तर माझ्या नवऱ्याला ती बकरी फार आवडायची." आणि मग वेंडलही हसला. त्या बकरीवर तो हसलेला गावानं पहिल्यांदाच पाहिला.

बर्नाडीन कागद पर्समध्ये टाकून बाहेर आली. गाड्यांपाशी दोघं उभे होते. हस्तांदोलन नाही, गळाभेट नाही. वेंडल म्हणत होता की कँपच्या धुरांड्याची नळी गेल्या वर्षीच गळत होती, एमेटनं ती उलटी बसवलेली आहे. एमेट म्हणत होता की नळी सुलटी आहे, वेंडलच उलटा आहे. मग बटाटे कुणी आणायचे यावर वाजलं, मग ट्रक कुणी चालवायचा यावर. वेंडल म्हणाला, गुरुवारी टर्की खाताना बसून काय ते ठरवू, तुझ्यासारख्याशी उभ्यानं बोलण्यात अर्थ नाही.

थंडीनं काच धुरकट झाली होती. बर्नाडीन गाडीत बसली, हीटर लावला, हातमोजे काढून मांडीवर ठेवले. एमेटनं लांबूनच हात केला, आलोच दोन मिनिटांत. तिनं खुणेनंच सांगितलं, सावकाश. आणि काच थोडी खाली केली, दोघांचं भांडण नीट ऐकू यावं म्हणून.